बाबांचा जुना फ्लॅश, माझा नवा कॅमेरा आणि मधला सेफ सिंक : वर्षभर वापरून

हा रिव्ह्यू एका छोट्या काळ्या ठोकळ्याचा आहे. वेइन कंपनीचा सेफ सिंक. कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) तो सरकवायचा आणि त्याच्या डोक्यावर जुना फ्लॅश बसवायचा, एवढंच त्याचं काम. पण त्याची गरज का पडली हे सांगितल्याशिवाय तो चांगला की वाईट हे कळणारच नाही, म्हणून जरा मागून सुरू करतो.

बाबांचा वेंगुर्ल्यात स्टुडिओ होता. लग्न, मुंजी, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो आणि सीझनला जत्रा. त्यांच्याकडे पेंटॅक्स के१००० आणि त्यावर एक जपानी फ्लॅश, मान वर वळणारा, पाठीवर चकती असलेला जिच्यावर आयएसओ (रोल उजेडाला किती संवेदनशील ते) आणि अंतर जुळवून अ‍ॅपर्चर वाचायचं, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते. रोलचे दिवस संपले, स्टुडिओ बंद झाला आणि फ्लॅश कपाटात गेला. पुढे मी मिररलेस (आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा) घेतला, खास दशावताराचे फोटो काढायचे म्हणून, आणि बॉडी आणि लेन्स घेईपर्यंत खिसा रिकामा झाला, कंपनीचा फ्लॅश राहूनच गेला. मग काय, कपाटातला काढला, चार पेन्सिल सेल घातले, ती ओळखीची बारीक शिट्टी वाजायला लागली, थोड्या वेळाने लाल दिवा पण लागला, इतका आनंद झाला मला की तसाच घेऊन कॅमेऱ्यावर सरकवायला गेलो. बाबा पडवीत बसलेले, तिथूनच ओरडले, "रे थांब! तुका कोणी सांगल्यान तो थेट लावूक? आधी मोजून बघ मरे!"

त्या एका हाकेने माझा कॅमेरा वाचला असं मी मानतो. कारण माझ्या एका मित्राचा नाही वाचला. त्याने असाच कोणाकडून तरी मिळालेला जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावला, पंधरावीस फोटो मस्त आले, नंतर फ्लॅश पडायचाच बंद झाला. त्याला वाटलं फ्लॅश गेला. दुसरा नवा कोरा लावला तर तो पण गप्प. कॅमेरा फोटो काढत होता, बाकी सगळं ठीक, फक्त हॉट शू मेलेला. कधीकधी उलटंही होतं, आतला स्विच कायमचा जोडलेल्या अवस्थेत अडकतो, म्हणजे फ्लॅश लावल्या लावल्या एकदा उडतो आणि मग तुम्ही कितीही शटर दाबा, काही नाही. आणि हे पहिल्याच फोटोला होईल असं नाही, म्हणूनच लोक फसतात. "माझा तर चालतोय की" म्हणणारे खूप भेटतात, त्यांना मी एवढंच विचारतो, तू मोजलायस का?

आता होतं काय ते सांगतो. फ्लॅशच्या आत मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो तो साधारण ३०० ते ३५० व्होल्टला चार्ज होतो. पण ट्यूब पेटायला नुसतं तेवढं पुरत नाही, झेनॉन वायूला आधी एक जबरदस्त झटका द्यावा लागतो, काही हजार व्होल्टचा. तो झटका एका छोट्या कॉइलमधून येतो आणि त्या कॉइलला ढकलणारा एक वेगळा, बारीक कपॅसिटर असतो. जुन्या डिझाईनमध्ये ह्या बारीक कपॅसिटरचं सर्किट सरळ कॅमेऱ्याच्या कॉन्टॅक्टमधून पूर्ण होतं. म्हणजे तुम्ही शटर दाबता तेव्हा दोनशे-अडीचशे व्होल्ट कॅमेरा स्वतः शॉर्ट करत असतो! के१००० सारख्या कॅमेऱ्यात तिथे धातूच्या दोन पट्ट्या होत्या, शटर पूर्ण उघडलं की एकमेकींना टेकायच्या, त्यांना काय फरक पडतो. आजच्या कॅमेऱ्यात त्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आहे, आणि प्रत्येक स्विचची सहनशक्ती ठरलेली असते. नंतरच्या फ्लॅशवाल्यांनी मधे आणखी एक स्विच फ्लॅशच्याच आत बसवला, त्यामुळे कॅमेऱ्याच्या वाट्याला पाचदहा व्होल्टच येतात, पण जुन्यांचं तसं नाही.

सहनशक्ती किती, इथे लोकांचा जाम गोंधळ होतो. आयएसओ १०३३० नावाचं एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे (रोलच्या आयएसओशी ह्याचा संबंध नाही), १९९२ चं, त्यात २४ व्होल्टचा आकडा आहे. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की २५० व्होल्टच्या वर किंवा उलट्या पोलॅरिटीचं (धन-ऋण उलटं असलेलं) व्होल्टेज शूला देऊ नका. कॅननच्या मॅन्युअलमध्ये पीसी टर्मिनलला (फ्लॅशची वायर जोडायची जागा) २५० व्होल्ट किंवा जास्त लागणारा फ्लॅश जोडू नका असं असतं, पण त्यांच्याच सुरुवातीच्या काही डिजिटल ईओएस कॅमेऱ्यांसाठी ६ व्होल्टचाच आकडा सांगितला जायचा. म्हणजे एकाच कंपनीत एवढा फरक. त्यामुळे "अमुक कंपनीला चालतं" हे वाक्यच चुकीचं आहे, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडा आणि शोधा. नाही सापडलं तर सहा व्होल्टच धरून चाला, नुकसान काही नाही.

आणि फ्लॅशचंही तेच. व्हिव्हिटार २८३ घ्या, भारतात किती स्टुडिओत होता तो! जपानमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या पिसांचं ट्रिगर व्होल्टेज (कॅमेऱ्याच्या शूवर येणारं) दोनशेच्या वर असतं, नंतरच्या पिसांचं अगदी कमी. नाव तेच, रूप तेच. म्हणून तयार तक्त्यात नाव बघून लावू नका, आपल्या हातातला पीस मोजा. आणि व्हिव्हिटारच्याच २८५एचव्ही मधल्या एचव्हीला लोक उगाच घाबरतात, ते बाहेरच्या हाय व्होल्टेज बॅटरी पॅकच्या सॉकेटसाठी आहे, शूवरच्या व्होल्टेजशी त्याचा संबंध नाही.

मोजायचं कसं? आधी एक काम करा, जे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या फ्लॅशचा मोठा कपॅसिटर "झोपलेला" असतो. नवे सेल घाला, चालू करा, रेडी लाईट लागला तरी अर्धा तास तसाच राहू दे, बंद करा, परत चालू करा, मग हळूहळू कमी पॉवरवर आठदहा वेळा टेस्ट बटणाने उडवा. माझ्या फ्लॅशला पहिल्यांदा लाईट लागायला मिनिटभर लागलं, हे सगळं केल्यावर दहाबारा सेकंदांवर आलं. त्यानंतर डिजिटल मल्टिमीटर डीसी ६०० व्होल्टच्या रेंजवर ठेवायचा, फ्लॅश चालू, रेडी लाईट लागलेला, लाल पिन फ्लॅशच्या बुडातल्या मधल्या टोकाला आणि काळी पिन बाजूच्या धातूच्या पट्टीला. दोन्ही पिना एकमेकींना लागू देऊ नका, लागल्या तर फ्लॅश उडेल, डोळ्यासमोर धरलेला नसू दे. आकडा उणे आला तर तो फ्लॅश उलट्या पोलॅरिटीचा, त्याला कॅमेऱ्यापासून लांबच ठेवा. काटावाला जुना मीटर वापरू नका कारण तो स्वतःच थोडा करंट खातो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतो, आणि इथे कमी दिसणं हेच धोक्याचं.

बाबांचा फ्लॅश : २३८ व्होल्ट.

मी आणि बाबा दोघंही आकड्याकडे बघत बसलो. वीस-बावीस वर्षं हा फ्लॅश त्यांच्या हातात होता, घामेजलेल्या हातांनी कितीतरी वेळा त्याचं टोक लागून चटका बसलाय म्हणे त्यांना, "मुंगी चावल्यासारखो". तो चटका बारीक कपॅसिटरचा, त्यात ऊर्जा अगदी थोडी असते. पण कोणी फ्लॅश उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टला असेल तर त्यात पन्नासच्या वर ज्यूल भरलेले असतात, बंद केल्यावर, सेल काढल्यावरसुद्धा कितीतरी वेळ राहतात, आणि छातीतून गेले तर माणूस जाऊ शकतो. बाहेरून मोजता येतंय ना, मग आत काय बघायचंय.

तर २३८ व्होल्ट आणि माझ्या कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये काहीच आकडा नाही. म्हणून सेफ सिंक. कंपनी म्हणते ४०० व्होल्टपर्यंतचा फ्लॅश चालतो आणि कॅमेऱ्याकडे ६ व्होल्टच्या आत जातात. मी विश्वास न ठेवता परत मोजलं, फ्लॅश ठोकळ्यावर बसवला आणि ठोकळ्याच्या खालच्या टोकावर मीटर लावला. पाच पॉइंट काहीतरी. तेव्हा कुठे कॅमेऱ्यावर लावला आणि पहिला फोटो बाबांचाच काढला, पडवीत, खुर्चीवर.

वर्ष झालं. दोन सीझनच्या जत्रा, तीन लग्नं, घरचे गणपती. एकदाही मिसफायर नाही म्हणणार नाही, झालेत, पण ते कॉन्टॅक्टवर खारा थर बसल्यामुळे, खोडरबरने घासलं की परत व्यवस्थित. कॅमेरा ठणठणीत. ह्या कामासाठी मी ह्याला पूर्ण मार्क देतो.

पण काय मिळत नाही ते पण लिहितो, घेऊन मग नाराज व्हायला नको. टीटीएल (कॅमेऱ्याने स्वतः उजेड मोजून फ्लॅशचा जोर ठरवणं) नाही, मधलं एकच टोक जोडलं जातं, त्यामुळे कॅमेऱ्याला कळतच नाही की वर फ्लॅश आहे. सगळं हाताने. हाय स्पीड सिंक नाही, म्हणजे १/२०० च्या आसपास जो तुमच्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर स्पीड) असेल त्याच्या वर गेलात की फोटोत काळा पट्टा येणार. उंची वाढते, आधीच जड असलेला जुना फ्लॅश आणखी वर जातो आणि कॅमेरा डोकेजड होतो, उभा फोटो काढताना डावा हात फ्लॅशला आधार द्यायला लागतो. मिररलेसवाल्यांना आणखी एक गोष्ट छळेल, १/२०० आणि एफ ८ लावलं की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट, कारण कॅमेरा फ्लॅशशिवायचं एक्सपोजर दाखवतोय. मेनूत जाऊन एक्सपोजर सिम्युलेशन बंद करा, लगेच दिसायला लागेल. आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांवर फ्लॅश पडतच नाही, मी अख्खी एक संध्याकाळ ठोकळा खराब झाला असं समजून काढली होती!

कॅननच्या ३०००डी किंवा २००डी मार्क टू वाल्यांनो, तुम्ही घेऊ नका. त्या मॉडेलांच्या शूवर मधलं टोकच दिलेलं नाही, त्यामुळे जुना फ्लॅश, साधा रेडिओ ट्रिगर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारा), हा ठोकळा, काहीच चालणार नाही. आपल्याकडे कितीतरी मुलांनी पहिला कॅमेरा म्हणून हेच घेतलेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्यांच्यासाठी आणि खरं तर बिल्ट-इन फ्लॅश असलेल्या सगळ्यांसाठीच दुसरा रस्ता आहे, ऑप्टिकल स्लेव्ह. जुन्या फ्लॅशच्या बुडाला लावायचा, कॅमेऱ्याचा छोटा बिल्ट-इन फ्लॅश पडला की त्या उजेडाने हा पण पडतो, मधे वायर नाही, कॅमेऱ्याला एक व्होल्टसुद्धा शिवत नाही. फक्त बिल्ट-इन फ्लॅश मॅन्युअल मोडवर ठेवायला हवा (तुमच्या मॉडेलमध्ये ती सोय आहे का बघा), कारण टीटीएलमध्ये तो खऱ्या फ्लॅशच्या आधी एक मोजणीचा फ्लॅश मारतो आणि स्लेव्ह त्यालाच भुलून आधीच उडतो. रेडिओ ट्रिगरने पण कॅमेरा सुरक्षित राहतो, पण रिसीव्हर मरू शकतो, काही स्वस्त रिसीव्हर जास्त व्होल्टेज सोसत नाहीत, त्याचा आकडा बघूनच घ्या. मी आता अर्धं काम स्लेव्हवर करतो आणि गर्दीत, जिथे स्टँड लावायला जागा नसते, तिथे ठोकळा.

आता फोटोंबद्दल, कारण शेवटी त्याच्यासाठीच सगळं. दशावताराच्या खेळात मी समोरून फ्लॅश मारत नाही, नटाच्या डोळ्यांवर झोत जातो, चालू प्रवेशात ते बरोबर वाटत नाही. माझे फोटो रंगपटातले. रात्री खेळ उभा राहायच्या आधी, पेटाऱ्यांच्या मधे बसून, हातात आरसा धरून कलाकार स्वतःच स्वतःचं तोंड रंगवत असतात, एखादा स्त्री पार्टी नऊवारीच्या निऱ्या घालत असतो, बाजूला मृदंग सुरात लावतायत, आणि वर एक एलईडी दिवा, पांढराफटक. त्या उजेडात रंगाची सगळी मजा मरते. मी आधी विचारतो, "काकानु, दोन फोटो काढू?" नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

पुस्तकी सल्ला असतो की फ्लॅशची मान छताकडे करा आणि उजेड छतावरून खाली येऊ द्या. आपल्याकडच्या देवळात हा सल्ला चालत नाही! वर कौलं, रिपा, काळे पडलेले वासे, उजेड वर जातो तो परतच येत नाही. बाजूच्या तांबड्या चिऱ्याच्या भिंतीवर मारला तर तोंडं तांबडी येतात. पहिल्या रात्रीचे माझे सगळे फोटो एकतर अंधारे नाहीतर तांबडे. दुसऱ्या वेळी मी घरून बाबांचं पांढरं धोतर नेलं, दोन खांबांना ताणून बांधलं आणि फ्लॅश त्याच्यावर मारला. काय सांगू, खिडकीतून सकाळचा उजेड यावा तसा उजेड आला. गालावरची लाली, भुवईची रेघ, कपाळावरचं गंध, सगळं जसं डोळ्याला दिसतं तसं. ह्या फ्लॅशचा गाइड नंबर २८ आहे, म्हणजे आयएसओ १०० ला सरळ मारला तर साडेतीन मीटरवर एफ ८ मिळतं, धोतरावरून मारला की बराच उजेड सांडतो, मी आयएसओ ८०० आणि एफ ४ ला काम करतो, आरामात होतं.

ह्याचा ऑटो मोड पण वापरतो कधीकधी. फ्लॅशच्या पोटावर छोटा डोळा आहे, समोरून परत येणारा उजेड मोजतो आणि पुरे झालं की फ्लॅश तोडतो. सांगितलेलं अ‍ॅपर्चर आणि आयएसओ कॅमेऱ्यावर ठेवलं की झालं. ह्याला टीटीएल लागत नाही म्हणून ठोकळ्यावरही चालतो. पण धोतरावरून मारताना तो डोळा माणसाकडेच बघत राहिला पाहिजे, आणि संकासुराचा काळा वेश समोर असला की तो चुकतो, काळ्यातून उजेड परत येत नाही म्हणून जास्तच उजेड टाकतो. तेव्हा मी कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर एक स्टॉप बंद करतो, म्हणजे उजेड अर्धा. बाबा म्हणाले ते रोलच्या वेळेला हेच करायचे, फक्त चुकलं की नाही हे आठवड्याने कळायचं.

देखभालीचं थोडं. कोकणात ह्या जुन्या फ्लॅशांना व्होल्टेजपेक्षा खारी हवाच जास्त मारते. सेल आत ठेवून विसरू नका, फुटले की स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढतो. अल्कलाइन सेल फुटला असेल तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन पुसा, मग पाण्याचा हलका हात, मग पूर्ण वाळवा. आमच्याकडे कोणीतरी कोकमाचं आगळ वापरायला सांगितलं होतं, आंबट आहे म्हणून, ते अजिबात नको, आगळात मीठ असतं आणि मीठ राहिलं की धातू आणखी खातं. मी रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल वापरतो, व्होल्टेज थोडं कमी दिसलं तरी फ्लॅश लवकर भरतो. जून ते सप्टेंबर फ्लॅश आणि ठोकळा दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून चार्ज करून पाचसहा वेळा उडवायचा, म्हणजे कपॅसिटर परत झोपत नाही.

घ्यावा का? घरात चांगला जुना फ्लॅश असेल, तो मोजलात आणि आकडा मोठा निघाला, आणि तुम्हाला तो कॅमेऱ्यावरच लावून फिरायचंय तर नक्की घ्या. आकडा पाचदहा व्होल्टच निघाला आणि तुमचं मॅन्युअल तेवढं चालतं म्हणत असेल तर पैसे वाचवा. नुसतं स्टँडवरच काम करायचं असेल तर स्लेव्ह घ्या. फक्त जुना फ्लॅश नव्याने विकत घेऊन वर हा ठोकळा घ्यायचा विचार करत असाल तर थांबा, दोन्हीच्या पैशात मॅन्युअल पॉवरचा साधा नवा फ्लॅश येतो, कमी व्होल्टेजचा, आणि तो जास्त सोयीचा. माझ्या बाबतीत फ्लॅश बाबांचा होता म्हणून मी एवढं केलं, आणि परत केलं असतं.

गेल्या जत्रेला बाबा पण आले होते. रंगपटात एका म्हाताऱ्या कलाकाराने फ्लॅशकडे बघूनच विचारलं, "हो तुमचोच मां?" बाबांनी मान हलवली, माझ्या हातातून कॅमेरा घेतला, धोतराची एक गाठ सैल झाली होती ती आवळली आणि त्या कलाकाराचा फोटो स्वतः काढला. एफ ४, १/१२५. तो फोटो मोठा करून आता पडवीत लावलाय.